अवकाशकालाची सममिती कितपत अभंग?

प्रयोगशाळेतील उपकरण पूर्वेकडे वळवले किंवा उत्तरेकडे, ती प्रयोगशाळा स्थिर असली किंवा एकसमान वेगाने पुढे जात असली, तरी निसर्गाचे नियम बदलत नाहीत. या तत्त्वाला डच शास्त्रज्ञ हेंड्रिक लॉरेंट्झ यांच्या नावावरून ‘लॉरेंट्झ सममिती’ म्हणतात. आइनस्टाइन यांचा १९०५ चा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत तिच्यावरच उभा आहे. अवकाशाच्या तीन आणि काळाची एक अशा चार मितींच्या जगात या सममितीची सहा मूलभूत रूपे आहेत : तीन परिवलने आणि तीन दिशांतील वेगबदल. ही सममिती खरोखर पूर्ण आहे की केवळ अतिशय अचूक, हा आधुनिक भौतिकशास्त्रातील एक मूलगामी प्रश्न आहे. अ‍ॅलन कोस्टेलेकी आणि स्टुअर्ट सॅम्युअल यांनी १९८९ मध्ये, स्ट्रिंग सिद्धांतात ती आपोआप भंग पावू शकते, असे दाखवल्यापासून या प्रश्नाला विशेष धार आली.

या प्रश्नाचा दुसरा धागा सुपरसिमेट्रीशी जोडलेला आहे. द्रव्य ज्यांचे बनते ते इलेक्ट्रॉनसारखे कण फर्मिऑन. तर प्रकाशाचा फोटॉन हा सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या बोसॉन वर्गातील कण. या दोन वर्गांना परस्परांत बदलणारी सममिती म्हणजे सुपरसिमेट्री. ज्युलिअस वेस आणि ब्रूनो झुमिनो यांनी १९७४ मध्ये तिचे चार मितींतील प्रारूप मांडले. हा बदल लागोपाठ दोनदा केला, की कण मूळ वर्गात परततो. मात्र तो अवकाशकालात किंचित सरकलेला असतो. म्हणजेच सुपरसिमेट्रीचा गाभा अवकाशकालातील स्थानांतराशी बांधलेला आहे, दिशांच्या समानतेशी नव्हे. त्यामुळे लॉरेंट्झ सममिती भंगली तरी सुपरसिमेट्री टिकू शकते. मायकेल बर्जर आणि कोस्टेलेकी यांनी २००२ मध्ये वेस-झुमिनो प्रारूपात ठरावीक दिशांचा प्रभाव मिसळून हे प्रत्यक्ष दाखवून दिले.

अशा प्रारूपांची कसोटी घेण्यासाठी अभ्यासक अनेकदा कमी मितींकडे वळतात. अवकाशाच्या दोन आणि काळाची एक अशा तीन मितींत लॉरेंट्झ सममितीची तीनच रूपे उरतात. साध्यात साध्या सुपरसिमेट्रीचे घटकही चारांऐवजी दोन होतात. आकडेमोडीत उद्भवणाऱ्या अनंत राशी अधिक सौम्य असतात. मात्र कमी मिती म्हणजे केवळ सोपे गणित नव्हे. तेथे काही नियमच वेगळे असतात. ‘चेर्न-सायमन्स पद’ हे त्याचे उत्तम उदाहरण. तीन मितींत हे पद लॉरेंट्झ सममितीला धक्का न लावता फोटॉनला वस्तुमान देते. तेच पद चार मितींत लिहायचे, तर एक जागा रिकामी राहते आणि ती भरण्यासाठी अवकाशकालातील एखादी ठरावीक दिशा निवडावी लागते. सममिती भंगते ती नेमकी तेथे. शॉन कॅरोल, जॉर्ज फील्ड आणि रोमन जॅकीव यांनी १९९० मध्ये अशा पदाचा परिणाम दूरच्या रेडिओ दीर्घिकांच्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणात शोधला. तो आढळला नाही.

येथे एक सूक्ष्म मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. सर्वच कणांवर ठरावीक दिशेचा प्रभाव सारखाच असेल, तर मोजपट्टी आणि घड्याळ नव्याने आखून तो नाहीसा करता येतो. खरा भंग दिसतो तो निरनिराळ्या कणांची वेगमर्यादा निरनिराळी असताना. कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या ग्राफीनमध्ये याचे प्रतिबिंब सापडते. त्यातील इलेक्ट्रॉन जणू स्वतःच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वागतात. परंतु त्यांची वेगमर्यादा प्रकाशवेगाच्या सुमारे एक तीनशेअंश असते.

या साऱ्याचे महत्त्व केवळ गणिती नाही. अतिसूक्ष्म अंतरावर लॉरेंट्झ सममिती थोडी जरी भंगली, तरी पुंज परिणामांमुळे तो भंग वाढत जाऊन प्रयोगशाळेत सहज दिसावा, असा आक्षेप २००४ मध्ये जॉन कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी घेतला. तसे काही दिसत नाही. स्टीफान ग्रोट निबेलिंक आणि मॅक्सिम पॉस्पेलोव्ह यांनी २००५ मध्ये त्यावर एक उत्तर सुचवले. सममिती ठळकपणे भंगणारी पदे सुपरसिमेट्रीच्या चौकटीत बसतच नाहीत. उरतात ती अत्यंत दुर्बळ पदे. म्हणजे एक सममिती दुसरीची राखण करते.

निरीक्षणांचा कौल आजवर सममितीच्याच बाजूने आहे. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने टिपलेल्या गॅमा किरणांच्या स्फोटात ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक फोटॉन सुमारे सात अब्ज वर्षांच्या प्रवासानंतर स्फोटाच्या आरंभापासून एका सेकंदाच्या आत पोहोचला. ऊर्जेनुसार प्रकाशाचा वेग बदलत असलाच, तर तो फरक किती क्षुल्लक असला पाहिजे, हे त्यावरून ठरले. दुसरीकडे, जिनिव्हाजवळील लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सुपरसिमेट्रीने भाकीत केलेले जोडीदार कण अद्याप सापडलेले नाहीत. राखण करणारी सममितीच निसर्गात आहे काय, हे अनिश्चित आहे. तोवर कमी मितींची प्रारूपे एक काम चोख करतात : सममितीचा कोणता भंग तर्काला धरून आहे आणि कोणता नाही, हे ती निवडून दाखवतात.