प्रमाण आणि पुरावा : संचातल्या मोटारींविषयी

मराठीत 'प्रमाण' हा एक शब्द दोन कामे करतो. एका मापाचे दुसऱ्या मापाशी असलेले नाते म्हणजे प्रमाण. आणि एखादी गोष्ट खरी मानण्यासाठी जो आधार लागतो तोही प्रमाणच. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून मोटारीची छोटी प्रतिकृती जोडण्याचा छंद वरवर पाहता पहिल्या अर्थापुरता आहे. डब्यावर १/२४ किंवा १/३५ असा आकडा छापलेला असतो आणि आतला प्रत्येक भाग त्या आकड्याशी बांधलेला असतो. आमचे म्हणणे असे की, निदान नाशिकसारख्या शहरात, हा छंद दुसऱ्या अर्थाकडे वळल्यावाचून पुरा होत नाही. ते का, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

लहान आकाराच्या वस्तूंचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. पोळ्याचे मातीचे बैल, पितळी भातुकली, दिवाळीचा किल्ला ही सारी लघुरूपेच. नाशिकच्या भांडी बाजाराला तर तांब्या-पितळेच्या कामाची जुनी परंपरा आहे. पण यांपैकी कशातही प्रमाण नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनावर बसलेले महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि पायथ्याचा वाघ बुरुजाएवढा असतो, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही, खटकूही नये. तेथे आकार महत्त्वावरून ठरतो, मापावरून नव्हे. १९७४ मध्ये नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, ब्राँझची चार शिल्पे सापडली. त्यांत बैलजोडी जुंपलेला, सारथी उभा असलेला एक रथ आहे. तो पाहून आजच्या मॉडेलकारांचा पूर्वज तेथे शोधण्याचा मोह होतो खरा, पण तो ओढूनताणून आणलेला अभिमान ठरेल. त्या रथाची सडपातळ ओढ पाहावी आणि थक्क व्हावे, इतकेच. संचाची कुळकथा वेगळी आहे, ती कारखान्याची आहे.

ती कारखान्याचीही नव्हे, विक्री खात्याची आहे, असे म्हटले तर अधिक नेमके होईल. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९४८ मध्ये वेस्ट गॅलॉग्ली नावाच्या वकिलाने एएमटी ही कंपनी काढली. नावाचा विस्तार 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज' असा. पण ॲल्युमिनियम लवकरच मागे पडले आणि प्लास्टिक आले. मोटार कंपन्यांच्या विक्रेत्यांना त्या वर्षीच्या गाडीची हुबेहूब, १/२५ मापाची, कारखान्याच्याच रंगांत रंगवलेली प्रतिकृती हवी असे. गिऱ्हाइकाने रंग हातात धरून पाहावा, पोराने गाडी घरी न्यावी, आणि पोराच्या मागे बापाने यावे, असा तो व्यवहार होता. सुरुवातीचे प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट होते. ते कालांतराने वाकते, म्हणून त्या काळच्या कितीतरी प्रतिकृती आज केळीसारख्या वळलेल्या दिसतात. पुढे पॉलिस्टायरीन आले आणि हा दोष गेला. १९५८ मध्ये एएमटीने त्याच साच्यांतून निघालेले भाग सुटेच डब्यात घालून विकायला आरंभ केला. एका डब्यातून तीन प्रकारे गाडी जोडता येई. इंग्लंडमध्येही कथा तीच. एअरफिक्सने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींसाठी, आणि तिचा संच झाला तो नंतर. म्हणजे ज्याला आपण छंद म्हणतो तो मोटारधंद्याच्या उरलेल्या साच्यांवर वाढला आहे. ज्या देशात मोटारीचे नवे रूप दरवर्षी येते आणि ते विकण्यासाठी धडपडावे लागते, त्या देशात असा छंद निपजतो.

आपल्याकडे स्थिती नेमकी उलट होती. येथे विकण्याची धडपड नव्हती, मिळवण्याची होती. आणि गंमत अशी की संच आपल्याकडेही आले, फक्त ते १/१ मापाचे होते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपचे पहिले ७५ संच सुट्या भागांत आणले. मुंबईत माझगावला त्यांची जोडणी होऊ लागली. 'सीकेडी' ही तीन अक्षरे तेव्हापासून आपल्या औद्योगिक बोलीत रुळली. नाशिकच्या ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला, तेथेही आरंभीची विमाने सोव्हिएत संघातून आलेल्या भागांतूनच जोडली गेली. पुढे महिंद्रचा कारखाना नाशिकला आला, इंजिनांचा इगतपुरीला. १९९६ मध्ये फोर्डची एस्कॉर्ट ही मोटार भारतात अवतरली ती नाशिकला जोडली जाऊन. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत ज्यांनी पाळ्या केल्या, त्या पिढीला भाग क्रमांक, जोडणीचा क्रम, कोणता नट आधी आणि कोणता नंतर, हे सारे अंगवळणी होते. टामियाच्या डब्यातली जोडणीची पत्रिका त्यांतल्या कोणाच्याही हाती दिली असती तर त्याने चष्मा न लावता ती वाचली असती.

साचे जुने होऊन आपल्याकडे येण्याची रीतही दोन्ही मापांत सारखीच. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या रूपावरून उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर १९५७ मध्ये निघाली, ती २०१४ पर्यंत. जीपचे सीजे-३बी हे रूप अमेरिकेत १९५३ ते १९६८ असे चालले. येथे ते त्यानंतर कित्येक दशके तयार होत राहिले. आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या डिंकी टॉइजचे धातूच्या खेळण्यांचे साचे कलकत्त्याला आले, त्यांतून 'निकी टॉइज' निघू लागली. म्हणजे रस्त्यावरची मोटार आणि पोराच्या हातातली मोटार दोन्ही विलायतेने टाकून दिलेल्या साच्यांतून आलेल्या. याबद्दल हळहळ वाटून घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. जुन्या साच्यातून निघालेली वस्तू येथे येऊन निराळी होते. ती कशी होते, हे पाहण्यातच आम्हांस रस आहे. आणि ते पाहण्याचे साधन म्हणून प्लास्टिकच्या संचाइतके चोख दुसरे काही नाही.

उदाहरण जीपचेच घेऊ. बाजारात जीपचा संच मिळतो तो दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचा: टामियाचा १/३५ मापाचा, इटालेरीचा १/२४ चा. डब्यावर पांढरा तारा आणि नॉर्मंडीचा चिखल. नाशिकच्या मॉडेलकाराला मात्र हवी असते ती तहसील कचेरीबाहेर उभी राहणारी, द्राक्षबागेच्या बांधावर जाणारी महिंद्रची जीप. काम सोपे वाटते, कारण पायाच सारखा आहे. दोन्ही गाड्यांच्या चाकांमधले अंतर ८० इंच. १/२४ मापात ते ८४.७ मिलिमीटर भरते, १/३५ मध्ये ५८. चौकट जशीच्या तशी चालते. अडते ते वर. युद्धकाळातल्या इंजिनात दोन्ही झडपा बाजूला होत्या, म्हणून इंजिन बुटके होते आणि बॉनेट सपाट. पुढच्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारी झडप डोक्यावर गेली, इंजिन उंच झाले आणि त्याला जागा देण्यासाठी बॉनेटही उचलावे लागले. सीजे-३बी चे ते उंच, किंचित बोजड कपाळ असे आले. म्हणजे मॉडेलकाराने बॉनेटखाली प्लास्टिकची पट्टी चिकटवून उंची वाढवली की तो नुसता आकार बदलत नाही, झडपेच्या जागेचा हिशेब चुकता करतो.

मग एकामागून एक गोष्टी निघतात. एमबीच्या दर्शनी जाळीला नऊ खाचा, नागरी जीपला सात. एमबीचे दिवे जाळीच्या मागे दडलेले, नागरी जीपचे मोठे आणि पुढे आलेले. एमबीची समोरची काच दोन तुकड्यांची, सीजेची अखंड. एमबीचे जादा चाक पाठीवर. सीजेला मागे उघडणारी फळी असल्याने ते बाजूला सरकले. आणि सुकाणू! संचातली जीप डाव्या हाताची असते. आपली उजव्या हाताची करायची म्हणजे डॅशबोर्ड कापून उलटा जोडायचा, पेडल हलवायची, सुकाणूचा दांडा चौकटीच्या दुसऱ्या बाजूने न्यायचा. यांतले काही करताना एम-सील आणि फेविक्विक यांचे उपकार मानावेच लागतात. परदेशी पुटीचे नखरे येथल्या पावसाळ्यात चालत नाहीत.

रंग आणि मळ हा तर स्वतंत्र विषय आहे. संचाबरोबरची पत्रिका युरोपातला पिवळट करडा चिखल सांगते. निफाड-दिंडोरीकडची काळी माती वाळल्यावर राखेसारखी दिसते आणि ओली असताना चाकाच्या कमानीत गोळे होऊन बसते. ती रंगाने साधत नाही. खरी माती वस्त्रगाळ करून वापरावी, हे आमचे मत. काळी-पिवळी जीप करायची तर छताच्या पिवळ्याला ऊन खाऊन आलेला पांढुरकेपणा हवा, आणि समोरच्या काचेवर पेंटरच्या हाताची अक्षरे हवीत. संगणकाचा टंक तेथे लगेच खोटा दिसतो. पाटीवर 'एमएच १५' लिहिताना हात थांबावा. ही मालिका नव्या मोटार वाहन कायद्यानंतरची, १९८९ पासूनची. १९७५ ची म्हणून दाखवलेल्या जीपवर ती पाटी लावली तर सारे काम एका चौरस सेंटिमीटरात फसते.

येथे प्रमाणाचा दुसरा अर्थ दारात उभा राहतो. हे सारे ठरवायचे कशावरून? टामियाची एक गोष्ट या छंदात सर्वांना ठाऊक आहे. १९७६ च्या १/१२ मापाच्या पोर्शे ९३४ साठी शुनसाकु टामिया यांनी पोर्शे ९११ ही गाडीच विकत घेतली आणि ती सुटी करून मोजली. नाशिकमध्ये हा मार्ग स्वस्त आहे, कारण येथे जुन्या जीप गॅरेजमध्ये सुट्या झालेल्याच असतात. अडचण निराळी आहे. कोणतीही एक जीप जशी कारखान्यातून निघाली तशी उरलेली नाही. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवलेले, मागचा भाग वाढवून बाकडी टाकलेली, बॉनेट दुसऱ्याच गाडीचे. समोरची वस्तूच पाठभेदांनी भरलेली असते. जुन्या पोथ्यांचा अभ्यासक मूळ संहितेपर्यंत पोहोचायला ज्या रीतीने जातो, त्याच रीतीने येथे जावे लागते: तीन-चार गाड्या मोजायच्या, वेल्डिंगचे सांधे वाचायचे, कोणता भाग नंतरचा ते ठरवायचे. एक फरक मात्र आहे. पोथीत नंतर घुसलेला मजकूर अभ्यासक बाहेर काढतो. जीपमधला क्षेपक कित्येकदा मूळ संहितेपेक्षा मोलाचा असतो, कारण तो वेल्डरचा आणि मालकाचा असतो. मॉडेल कारखान्यातून निघालेल्या गाडीचे करावे की लासलगावच्या बाजारातून परतणाऱ्या गाडीचे, याचा निर्णय केल्याशिवाय कात्री उचलता येत नाही. आमचा कौल दुसरीकडे आहे, पण पहिलीची मापे हातात असल्याखेरीज दुसरी नीट दिसत नाही.

एस्कॉर्टची कथा याहून चमत्कारिक. टामियाचा १/२४ मापाचा एस्कॉर्टचा संच आहे, तो १९९४ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकणाऱ्या आरएस कॉसवर्थचा: तीन दारे, फुगलेल्या कमानी, पाठीवर भला थोरला पंख. नाशिकला जोडलेली एस्कॉर्ट चार दारांची, बँकेतल्या अधिकाऱ्यासारखी सभ्य मोटार. नाव एक, वंश एक. पण त्या डब्यातून हिला बाहेर काढायचे म्हणजे छत, दारे आणि मागची पेटी हातानेच घडवावी लागतात. जगाने जे जिंकले ते साच्यात उतरते आणि आपण जे वापरले ते उतरत नाही, असा याचा अर्थ. साचा पोलादात कोरावा लागतो आणि त्याचा खर्च फक्त खपातून निघतो, हे त्याचे साधे कारण. सातपूरच्या ज्या कारखान्यांत बंपर आणि डॅशबोर्ड इंजेक्शन मोल्डिंगने निघतात, तेथे जीपचा संच काढण्याची विद्या आहेच. गिऱ्हाईक नाही.

आणि जे थोडे आहेत त्यांना संच महाग पडत चालला आहे. करांच्या यादीत ही प्रमाणबद्ध मॉडेले खेळण्यांच्याच रकान्यात बसतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. देशी खेळण्यांच्या धंद्याला त्याचा लाभ झाला असेल, त्याविषयी तक्रार नाही. पण पन्नाशीतला निवृत्त फिटर जेव्हा दोनशे तुकड्यांचा डबा मागवतो तेव्हा तो खेळणे मागवत नसतो, एवढे त्या रकान्याला कळत नाही.

दरम्यान मूळ वस्तू वेगाने जात आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले; कचेऱ्यांच्या आवारांत टायर खचून उभ्या असलेल्या जीप त्यानंतर लिलावाच्या ढिगात गेल्या. भंगारवाल्याकडे बॉनेट आधी कापले जाते, कारण पत्रा सपाट आणि मोठा मिळतो. म्हणून सध्या ज्यांना मापे घ्यायची आहेत त्यांनी बॉनेटची उंची, जाळीच्या खाचांमधले अंतर आणि काचेच्या चौकटीचा कोन, या क्रमाने आधी घ्यावीत. चाकांमधले ८० इंच कागदावर आहेतच.