सहाराच्या हिरव्या अमदानीची हकीकत

सन 1850 मध्ये हाइनरिख बार्ट हा जर्मन प्रवासी सहारातील फेझानच्या निर्जल मुलखातून जात असता खडकांवर कोरलेले बैल त्याच्या दृष्टीस पडले. आणि त्यांत उंट मात्र कोठेच नाही, ही गोष्टही त्या साक्षेपी गृहस्थाच्या नजरेतून सुटली नाही.

या बैलांच्या वैरणीची तजवीज आकाशस्थ कारणांनी झाली होती. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डोलत असल्याने सूर्यसान्निध्याचा काळ, जो आज जानेवारीच्या आरंभी येतो, तो सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या ऐन उन्हाळ्यात येत असे. त्यायोगे तेथे आजच्याहून सात-आठ टक्के अधिक ऊन पडून भूमी तापे, आणि गिनीच्या आखातावरील पर्जन्यवारे थेट वाळवंटात शिरत. (आपल्या मोसमी पावसालाही त्या काळी याच कारणाने बरकत होती.) चाडचे सरोवर तर कास्पियन समुद्राच्या बरोबरीने पसरले होते.

पुढे ऊन हप्त्याहप्त्याने घटत गेले. पावसाने मात्र आपली वहिवाट इतक्या सावकाशीने सोडलेली दिसत नाही, कारण मॉरिटानियाच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाशी साचलेल्या गाळात सुमारे 5500 वर्षांपूर्वीच्या थरापासून सहाराची धूळ एकाएकी वाढते.