किल्ल्याचा वाढदिवस : घरच्या पार्टीसाठी खेळ

मंडळाच्या बालविभागाकडे वर्षभर एक प्रश्न येत असतो. मुलाचा वाढदिवस आहे, थीमही ठरली आहे, पण पंधरा-वीस मुलांना दोन तास खेळवायचं कसं? बहुतेक घरी थीम टोप्या, फुगे आणि केकवरच्या चित्रापाशीच थांबते. खेळ तेच असतात, संगीत खुर्ची आणि पासिंग द पार्सल. थीम खेळात उतरली तरच मुलांच्या ती लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून इथे एकच थीम घेऊन जरा तपशिलात लिहीत आहोत : किल्ला.

बडोद्यातल्या आपल्या घरांना ही थीम सोपी पडते. दिवाळीत गॅलरीत का होईना मातीचा किल्ला होतो, त्यामुळे मातीचे मावळे माळ्यावरच्या डब्यात असतातच. खर्च फारसा नाही. निमंत्रण खलित्यासारखं गुंडाळून दोऱ्याने बांधलं की झालं. पुढचे खेळ साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांना धरून सांगितले आहेत.

संघ आणि पदं

संघांना गडांची नावं द्यावीत : रायगड आणि राजगड, किंवा आपल्या जवळचं सोनगड, जिथे गायकवाडांचं सुरुवातीचं ठाणं होतं. ‘मावळे विरुद्ध मोगल’ असे संघ करू नयेत. ही चूक आम्ही स्वतः एका वाढदिवसाला केली होती. मोगल व्हायला कुणीच तयार होईना. शेवटी बाकीच्या मुलांनीच ठरवलं की कुणी व्हायचं, आणि ते ज्याच्या नावावरून ठरवलं तो शेजारचा मुलगा बूट घालून जिन्यात जाऊन बसला. त्याचे वडील न्यायला येईपर्यंत तो आत आला नाही. केक आम्ही जिन्यात नेऊन दिला, त्याने तो खाल्ला नाही. शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सुरुवातीचे सरनोबत नूरबेग होते, ही गोष्ट आम्हांला त्या संध्याकाळी आठवायला हवी होती. आता दोन्ही संघ स्वराज्याचेच असतात आणि चढाओढ असते ती आधी गड रचून कोण होतं याची.

शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी असत, तर कोठाराचं काम कारखानिसाकडे असे. ही पदं पार्टीत फार उपयोगी पडतात. प्रत्येक गटात एखादं लाजरं मूल असतं, कुणाचा पाय मुरगळलेला असतो, कुणाला धावायचंच नसतं. त्याला सबनीस करावं. वही-पेन्सिल घेऊन गुण मांडणारा सबनीस म्हणेल तेच खरं, हे आधीच जाहीर करावं. पाणी आणि खाऊ कारखानिसाच्या हुकमाशिवाय मिळणार नाही. वाढदिवसाचं मूल हवालदार, किल्ल्या त्याच्याकडे.

लगोरी, म्हणजे गड रचणं

सात चपट्या दगडांची लगोरी थीमला आपोआप बसते. एकाने चेंडूने लगोरी फोडायची, मग त्याच्या संघाने ती पुन्हा रचायची आणि दुसऱ्या संघाने चेंडू मारून त्यांना अडवायचं. लहान मुलांसाठी सात-आठ पावलांचं अंतर पुरे. घरात खेळायचं असेल तर दगडांऐवजी प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं आणि चेंडूऐवजी मोज्यांचा गोळा घ्यावा, शोकेस वाचते.

नेहमीच्या नियमात चेंडू लागलेला गडी बाद होतो. वाढदिवसाला आम्ही तो नियम मोडतो. लागलेल्याने समोरची भिंत शिवून परत यायचं, बस्स. बाद झालेली मुलं कंटाळतात, मग पडद्याला लोंबकळतात, आणि खरा गोंधळ तिथून सुरू होतो. पाहुण्या मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही. गुजराती मुलं त्याला सतोडियू म्हणतात, इंदूरकडच्या नातेवाइकांची मुलं सितोलिया. कुणाच्या घरी रचलेल्या लगोरीवर पाय ठेवतात, कुणाच्या घरी ओरडतात, अशा फरकांवरून भांडणं होतात. म्हणून नियम सुरू करण्याआधी सांगावेत. खो-खोच्या नियमांचं पुस्तक १९२४ मध्ये आपल्याच गावातल्या जिमखान्याने छापलं, तेव्हा एवढी शिस्त आपल्याला जमायला हवी.

हेर आणि टाळी

धावून दमलेल्या मुलांना बसवायला कानगोष्टी उत्तम. हेरांची रांग करायची आणि पहिल्याच्या कानात निरोप सांगायचा : ‘रात्री मागच्या दरवाज्याने पाच घोडे येतील.’ शेवटी काय बाहेर पडतं ते ऐकून सगळे हसतात. निरोप कुणापाशी बिघडला याची चौकशी मात्र करू नये. एक फेरी मराठीत झाली की दुसरी गुजरातीत घ्यावी. मराठी न येणारी पाहुणी मुलं तेवढ्यात सैल होतात.

दुसरा बैठा खेळ आम्ही गोवळकोंड्यावरून घेतला. तिथल्या फतेह दरवाज्यात वाजवलेली टाळी वर बालाहिसारात ऐकू येते; हैदराबादच्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको. एक मूल दाराआड उभं राहतं. एक टाळी म्हणजे बसा, दोन म्हणजे उभे राहा, तीन म्हणजे जागच्या जागी गिरकी. चौथी खूण मुलांनाच ठरवू द्यावी.

शिवाजी म्हणतो

हा खेळ सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. आमच्या मते मात्र या यादीतला हाच सगळ्यांत कामाचा. बसा, उठा, वळा, वाका, डोळे मिटा, लंगडी घाला : मराठी न येणारं मूलही शेजाऱ्याकडे बघून दहा मिनिटांत दहा-बारा क्रियापदं ओळखायला लागतं. आपली घरात हिंदी-गुजराती बोलणारी मुलंही त्यात आली. चुकलेल्याला बाहेर न काढता हुकूम देणाऱ्याच्या शेजारी उभं करावं आणि पुढचा हुकूम त्याला द्यायला लावावा. तो हुकूम कोणत्याही भाषेत चालतो. मराठी किती येतं याची परीक्षा सुरू झाली की पार्टी संपली असं समजावं.

सोसायटीचं पार्किंग मोकळं मिळालं तर खडूने पाट्या आखून आट्यापाट्याही घेता येतात. पूर्ण खेळाला नऊ पाट्या लागतात. इथे तीन-चार पुरतात. प्रत्येक पाटी म्हणजे एक दरवाजा. गच्चीवर धावायचे खेळ नकोत. एप्रिल-मेमध्ये तर संध्याकाळीही गच्चीची फरशी अनवाणी पायांना चटके देते.

खजिना

हा शेवटी, केकच्या आधी. पाच चिठ्ठ्या पुरेत आणि प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या मुलाने उघडायची. इथे जपायला हवं, कारण आपली बरीच मुलं मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. मित्रांसमोर अडखळलेलं मूल पुढच्या चिठ्ठीला हात लावत नाही; हे आम्ही पाहिलं आहे. म्हणून अक्षर ठळक, शब्द दोन-तीनच आणि बाजूला चित्र : ‘फ्रिजच्या मागे’, ‘तुळशीपाशी’. वाचायला जोडी द्यावी.

एक चिठ्ठी आजीकडे ठेवावी. तिला एका किल्ल्याचं नाव सांगितल्याशिवाय ती देत नाही. पाहुणी मुलं आजीला गुजरातीत पटवतात आणि तिचं गुजराती आपल्यापेक्षा चांगलं असल्यामुळे ती पटतेही. एका घरी आजीने चिठ्ठीच्या बदल्यात हिरकणीची गोष्ट ऐकायला लावली. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीची गोष्ट ऐकताना खजिना बाजूलाच राहिला.

पेटीत सगळ्यांच्या परतभेटी एकत्र असाव्यात आणि कारखानिसाने यादीप्रमाणे एकेक नाव घेऊन वाटाव्यात. ज्याला पेटी सापडली त्याला वेगळं काही देऊ नये.

प्रत्येक खेळ दहा-बारा मिनिटांत थांबवावा, मुलं ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच. दोन तासांत चार-पाच खेळ होतात. एक धावायचा, एक बैठा असा क्रम ठेवावा. सबनिसाची वही वाढदिवसाच्या मुलाला ठेवायला द्यावी. तिच्यात गुणांपेक्षा घोड्यांची चित्रंच जास्त असतात.