कोएले आणि आफ्रिकी भाषांचा महासंग्रह

आफ्रिकी भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत सिगिस्मुंड विल्हेल्म कोएले या जर्मन मिशनऱ्याचे स्थान अग्रगण्य आहे. बासेल मिशनमध्ये शिक्षण घेऊन ते चर्च मिशनरी सोसायटीत दाखल झाले आणि १८४७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे गेले. तेथील फोरा बे संस्थेत त्यांनी अध्यापन केले.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविला होता. त्यानंतर ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामवाहू जहाजांतील माणसांना सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन येथे मुक्त केले जाई. त्यामुळे परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेल्या प्रदेशांच्या भाषा या एका नगरात व भोवतालच्या खेड्यांत ऐकू येत. कोएले यांनी दीडशेहून अधिक भाषिकांना एकच शब्दयादी विचारली आणि उत्तरे एकसमान लेखनपद्धतीने टिपून घेतली. त्यातून १८५४ मध्ये ‘पॉलिग्लॉटा आफ्रिकाना’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात शंभराहून अधिक भाषांतील सुमारे तीनशे शब्द व वाक्प्रयोग शेजारी शेजारी मांडलेले असल्याने भाषांमधील नाती प्रथमच व्यापक प्रमाणावर तपासता आली. कोएले यांनी केलेले अनेक भाषागट पुढील संशोधनातही बव्हंशी टिकून राहिले.

या संग्रहाला मर्यादाही होत्या. बहुतेक भाषेसाठी एकाच व्यक्तीवर भिस्त होती आणि अनेकांना मायभूमी सोडून कित्येक वर्षे लोटली होती. मात्र कोएले यांनी या माणसांना निनावी ठेवले नाही. त्यांची नावे, गावे आणि ते गुलामगिरीत कसे पडले याची हकीकतही त्यांनी नोंदविली. चाड सरोवराकाठच्या बोर्नू राज्यातील अली ऐसामी यांच्याकडून त्यांनी कानुरी भाषा शिकून घेतली. त्या भाषेचे व्याकरण, तसेच ऐसामी यांच्या तोंडून ऐकलेल्या कथा, म्हणी व आत्मकथन यांचा संग्रह १८५४ मध्येच प्रसिद्ध झाला. मोमोलू दुवालू बुकेले यांनी निर्माण केलेल्या व्हाई लिपीची माहिती मिळविण्यासाठी कोएले १८४९ मध्ये व्हाई लोकांच्या प्रदेशातही गेले होते.

१८५३ मध्ये त्यांनी सिएरा लिओन सोडले. १८५६ मध्ये त्यांना फ्रान्सचे व्होल्ने पारितोषिक मिळाले. १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले. माणसे कोठून, कशी पकडली व विकली गेली, हे शोधणारे गुलामगिरीचे इतिहासकारही आज या ग्रंथाचा आधार घेतात.