क्रोशाच्या टोपीतले गणित

दिवाळी सरते, कृष्णाकाठी पहाटेचे धुके दिसू लागते आणि घरोघरच्या कपाटांतून कानटोप्या बाहेर निघतात. बाजारातून आणलेली एखादी टोपी डोळ्यांवर घसरते, एखादी कानांच्या वरच थांबते. पण घरातल्या आजीने किंवा मावशीने क्रोशाच्या सुईवर केलेली टोपी डोक्यावर अशी बसते, की घातल्याचे भानही राहत नाही. आपण ‘छान बसली’ म्हणतो आणि विषय संपवतो. पण ती का बसली, हे विचारले तर आपल्याला बायकांच्या शिक्षणाच्या, गणिताच्या आणि मजुरीच्या इतिहासात शिरावे लागते.

आपल्याकडच्या जुन्या शिरोभूषणांना मापाची अडचण फारशी नव्हती. फेटा, पागोटे, रुमाल ही डोक्याभोवती बांधण्याची वस्त्रे. लांब कापड ज्याच्या त्याच्या डोक्यावर गुंडाळले, की माप आपोआप जमले. तान्ह्या बाळाची कुंचीही हनुवटीखाली बंदाने बांधायची. थोडी सैल असली तरी चालते, उलट वाढत्या बाळाला ती जास्त दिवस पुरते. चारी बाजूंनी बंद, बंद नसलेली आणि तरीही घट्ट राहणारी टोपी आली, तेव्हा डोक्याचा घेर मोजण्याची वेळ आली. शिवलेली गांधी टोपी म्हणूनच नंबरावर विकली जाते. विणलेल्या टोपीला नंबर नसतो. तिचे माप विणणारीच्या बोटांत असते.

क्रोशे ही कला फार प्राचीन असेल असे वाटते, पण तसे नाही. ‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द; त्याचा अर्थ लहान आकडा. टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईवरचे हे काम युरोपात एकोणिसाव्या शतकात फोफावले. त्याचे छापील नमुने १८२३ च्या सुमारास एका डच मासिकात आले. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या जोगिणींनी गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या विक्रीवर अनेक कुटुंबे तगली. म्हणजे ही कला हौसेची म्हणून जेवढी वाढली, तेवढीच पोटासाठीही वाढली.

मिशनरी बायकांच्या टोपलीतून ती आपल्या देशात आली. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळचे नरसापूर त्यासाठी पुढे प्रसिद्ध झाले. आपल्या भागात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम सुरू केले. पुढे ते सांगली-मिरजेपर्यंत पोहोचले, डॉ. वानलेस यांचे मिरजेचे इस्पितळ १८९४ चे. त्या काळच्या मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण-विणकाम असायचेच. मुलीला शाळेत पाठवायला कचरणाऱ्या पालकांनाही सुई-दोऱ्याची भीती वाटत नसे.

इथेच या इतिहासातली गंमत आहे. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे पुढची हुजूरपागा, सुरू झाले. मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवावे, की संसाराला उपयोगी तेवढेच, यावर मोठा वाद झाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी नव्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना मातृभाषा, नीतिपाठ आणि शिवणकाम पुरे, असे मानणारा पक्ष तेव्हा प्रबळ होता. गणित हे बुद्धीचे काम आणि सुई हे हाताचे, अशी सरळ वाटणी दोन्ही बाजूंनी धरलेली होती. आता प्रत्यक्ष टोपी विणायला बसू, म्हणजे ही वाटणी किती कच्ची होती ते दिसेल.

टोपी माथ्यापासून सुरू होते. लोकरीचे लहानसे वेटोळे करून त्यात सहा मुके खांब घालतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे बारा. तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. दर फेरीला सहाच का वाढवायचे? मुका खांब साधारण जेवढा रुंद, तेवढाच उंच असतो. एक फेरी झाली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ सव्वासहाच्या आसपास वाढतो, म्हणून सहा टाके. उंच खांबाची उंची अंदाजे दुप्पट, म्हणून त्याची सुरुवात बाराने होते आणि दर फेरीला बाराच वाढतात. शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या बायका ‘सहाची टोपी’ आणि ‘बाराची टोपी’ करत आल्या, तेव्हा त्या परीघ आणि त्रिज्येचे नातेच बोटांनी मोजत होत्या.

हे नाते आपल्या परंपरेला नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात व्यासावरून परीघ काढण्यासाठी ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म गुणोत्तर दिले आहे आणि व्यवहारासाठी २२ भागिले ७ हे सोपे. ज्या ग्रंथातली उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातली आहेत, त्याच भूमीत सातशे वर्षांनी मुलींना गणित झेपेल का, यावर वाद व्हावा, हे नवलच.

व्यवहारातले गुणोत्तर टोपीला पुरते. समजा, डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर आहे. लोकर ताणते, म्हणून टोपी तीन-चार सेंटिमीटर लहानच करायची, ५२ धरू. त्याला ७ ने गुणून २२ ने भागले, की साडेसोळा येतात. माथ्याची चकती साडेसोळा सेंटिमीटर रुंद झाली, की टाके वाढवणे थांबवायचे आणि तेवढ्याच टाक्यांवर सरळ खाली उतरायचे. मोठ्या माणसाला माथ्यापासून काठापर्यंत एकोणीस-वीस सेंटिमीटर लांबी कानांपर्यंत पुरते.

ही झाली रीत; पण टोपी बिघडते ती वेगळ्याच ठिकाणी. दोन बायकांनी तीच सुई, तीच लोकर आणि तेच टाके घेतले, तरी दोन टोप्या सारख्या होत नाहीत. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. एकीच्या दहा सेंटिमीटरमध्ये सोळा टाके बसतात; तिला ५२ सेंटिमीटरसाठी ८४ टाके लागतील, म्हणजे सहा-सहाच्या चौदा फेऱ्या. दुसरीच्या तेवढ्याच जागेत अठरा टाके बसत असतील, तर ८४ टाक्यांची टोपी पावणेसत्तेचाळीस सेंटिमीटरच भरेल आणि मोठ्या डोक्यात शिरणार नाही. म्हणून जाणत्या बायका आधी तळहाताएवढा तुकडा विणून टाके मोजतात आणि मगच टोपीला हात घालतात. प्रयोगशाळेत ज्याला नमुना-चाचणी म्हणतील, ती हीच.

टाके कमी वाढवले तर चकतीची वाटी होते. जास्त वाढवले तर तिला झालर सुटते. ही झालर विणणारीच्या दृष्टीने चूक. पण १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम टाके वाढवत नेऊन अशीच झालर विणली आणि अतिपरवलयी भूमितीचा पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात ठेवला. कागदाची नाजूक प्रतिकृती हाताळताना फाटायची, क्रोशाची टिकली. ज्या सुईला गणिताच्या वर्गाबाहेर ठेवले होते, ती अशी सन्मानाने आत आली.

आपल्याकडे ही विद्या बराच काळ तोंडीच चालली. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे. ती कागदावर यायला मासिके लागली आणि त्यात सांगली जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानाच्या माळावर १९१० मध्ये नांगरांचा कारखाना थाटला. तेच आजच्या पलूस तालुक्यातले किर्लोस्करवाडी. तिथूनच शंकरराव किर्लोस्कर यांनी १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू केले. अशा मासिकांमुळे स्त्रियांचे प्रश्न, कथा आणि घरगुती कला एकाच अंकातून खेडोपाडी जाऊ लागल्या. साखळी, खांब, मुका खांब, अर्धा खांब ही परिभाषा छापील नमुन्यांत स्थिरावली. परक्या कलेला घराच्या बांधणीतले शब्द मिळाले आणि ती आपली झाली. नमुना वाचून विणणे म्हणजे सूत्र वाचून कृती करणे. नवसाक्षर स्त्रीसाठी तो वाचनाचा उत्तम सरावही होता.

ही कला एका घरापुरती, एका समाजापुरतीही राहिली नाही. बाळाच्या टोपड्या-मोज्यांत ती आहे, तशीच नमाजाच्या वेळी घालायच्या पांढऱ्या सुती जाळीच्या टोपीतही आहे. थंडीतल्या माकडटोपीचे घराणे क्रिमियाच्या युद्धापर्यंत जाते. १८५४ मध्ये बालाक्लाव्हाजवळ कुडकुडणाऱ्या इंग्रज शिपायांसाठी मायदेशातून लोकरीचे कपडे गेले आणि त्या गावाचे नाव पुढे टोपीला चिकटले. साताऱ्याकडच्या गावांतून लष्करात गेलेल्या पिढ्यांनाही लोकरीच्या टोपीचे मोल सांगावे लागत नाही.

आता पैशाचे बोलू. मोजे-स्वेटर विणणारी यंत्रे कारखान्यांत भरपूर आहेत. हातच्या क्रोशासारखे काम सर्रास करणारे कारखानी यंत्र मात्र नाही. दुकानात क्रोशाची टोपी दिसली, मग ती कितीही स्वस्त असो, ती कुणीतरी हातानेच केलेली असते. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्या बायका दिवसाचे कित्येक तास विणत, माल परदेशी जाई, व्यापारी श्रीमंत होत. पण बायकांच्या हाती येणारे पैसे किमान वेतनाच्याही पुष्कळ खाली असत. कारण त्या ‘कामगार’ नव्हत्याच. फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी होत्या, असे सगळेच धरून चालले होते.

रमाबाई रानडे यांनी हा धोका ओळखला होता, असे त्यांच्या कामावरून म्हणता येते. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणकाम आणि हस्तकला होत्या, पण त्यांच्या जोडीला अध्यापिका आणि परिचारिका होण्याचे शिक्षणही होते. हाताच्या कसबाला अक्षरांची आणि हिशेबाची जोड असावी, म्हणजे त्या कसबाची किंमत स्वतःला मागता येते.

आज बचत गटांच्या प्रदर्शनात क्रोशाच्या टोप्या मांडलेल्या दिसतात. तरुण मुले त्यांना ‘बीनी’ म्हणतात आणि हौसेने घालतात. किंमत ऐकून आपण सवयीने घासाघीस करतो; लोकर कितीची, एवढाच हिशेब मनात असतो. त्या हिशेबात डोक्याचा घेर काढणे येत नाही, नमुन्याचा तुकडा येत नाही, चौदा फेऱ्यांतली मोजदाद येत नाही आणि एक टाका चुकला म्हणून उसवलेली अख्खी संध्याकाळही येत नाही. टोपी डोक्यावर नीट बसली असेल, तर ती या सगळ्यामुळे बसली आहे. लोकरीच्या दरात या कामाचाही दर मिळवला, तरच टोपीची किंमत बरोबर निघते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)