पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, लघुरूपाने पीसीओएस, हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा संप्रेरकांच्या असंतुलनाचा दीर्घकालीन विकार आहे. अनियमित किंवा लांबणारी मासिक पाळी, शरीरातील पुंसंप्रेरकांचे वाढलेले प्रमाण आणि सोनोग्राफीत दिसणारी असंख्य लहान पुटके असलेली अंडाशये ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतील सुमारे ७० टक्के स्त्रियांच्या बाबतीत त्याचे निदानच झालेले नसते. बीजोत्सर्ग न होण्यामुळे येणाऱ्या वंध्यत्वाचे हे सर्वांत मोठे कारण आहे. तथापि योग्य उपचारांनी यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना मातृत्व लाभू शकते.

नाव आणि इतिहास

शिकागो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल यांनी १९३५ साली पाळी न येणाऱ्या सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची अंडाशये आकाराने मोठी होती. अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा शस्त्रक्रियेने काढल्यावर त्यांची पाळी सुरू झाली व काहींना गर्भधारणाही झाली. त्यामुळे हा विकार दीर्घकाळ 'स्टाइन-लेव्हेंथाल सिंड्रोम' या नावाने ओळखला जात असे.

आजचे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. 'सिस्ट' म्हणजे द्रवाने भरलेली गाठ. सोनोग्राफीच्या अहवालात हा शब्द वाचून मुलीच्या पोटात गाठी झाल्या आहेत आणि त्या काढाव्या लागतील, अशी धास्ती घरोघरी घेतली जाते. वस्तुतः त्या गाठी नसतात. वाढ अर्ध्यावर थांबलेली ती पुटके असतात आणि प्रत्येकात एक अपक्व स्त्रीबीज असते. नाव बदलावे अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ साली भरवलेल्या कार्यशाळेतील तज्ज्ञांनीही केली होती. भारतात 'पीसीओडी' हे लघुरूपही सर्रास वापरले जाते. बोलताना दोन्ही एकाच अर्थाने येतात, पण केवळ सोनोग्राफीत अशी अंडाशये दिसणे म्हणजे हा विकार असणे नव्हे.

विकार कसा घडतो

नेहमीच्या चक्रात अनेक पुटके वाढू लागतात, त्यांतील एक पुढे जाते, पक्व होऊन फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. यालाच बीजोत्सर्ग म्हणतात. पीसीओएसमध्ये ही निवड होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक तुलनेने अधिक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने अंडाशय जादा पुंसंप्रेरके तयार करते. यात भर पडते ती इन्शुलिनची. पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते. हे वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला आणखी पुंसंप्रेरके बनवण्यास चेतवते, तसेच पुंसंप्रेरकांना बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन कमी करते. परिणामी रक्तातील मुक्त पुंसंप्रेरकांचे प्रमाण वाढते. वजन वाढले की इन्शुलिनला होणारा हा रोध अधिक तीव्र होतो, पण सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो. आई किंवा बहिणीला तो असल्यास संभव वाढतो. कोणा एका जनुकाकडे मात्र बोट दाखवता येत नाही.

लक्षणे

दोन पाळ्यांतील अंतर ३५ दिवसांहून अधिक असणे किंवा वर्षात आठांहून कमी पाळ्या येणे हे महत्त्वाचे लक्षण होय. हनुवटी, वरचा ओठ, छाती व पोटावर राठ केस येणे, हट्टी मुरुमे आणि डोक्यावरचे केस विरळ होणे ही पुंसंप्रेरकांची चिन्हे आहेत. मान व काखेतील त्वचा काळसर, मखमली होणे हे इन्शुलिनच्या रोधाचे चिन्ह आहे. तो मळ समजून मुलींना मान घासून धुण्यास सांगितले जाते, त्याने त्वचा सोलवटते, रंग जात नाही. चिंता आणि नैराश्याचे प्रमाणही या स्त्रियांत अधिक आढळते.

निदान

प्रौढ स्त्रियांसाठी २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेले निकष वापरतात: अनियमित बीजोत्सर्ग, पुंसंप्रेरकांचे आधिक्य (लक्षणांवरून वा रक्ततपासणीतून) आणि सोनोग्राफीतील विशिष्ट अंडाशये, यांपैकी कोणतीही दोन. त्यापूर्वी थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिनची वाढ आणि अधिवृक्क ग्रंथीचे आजार नाहीत याची खात्री करावी लागते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही ग्राह्य मानली आहे.

किशोरवयीन मुलींचा प्रश्न वेगळा आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक असते आणि या वयात अंडाशयांत अनेक पुटके दिसणेही नेहमीचेच. म्हणून त्यांच्यात अनियमित पाळी व पुंसंप्रेरकांचे आधिक्य ही दोन्ही लक्षणे असावी लागतात. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये असे या सूचना सांगतात. निकषांनुसार आकडे किती बदलतात हे मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसते. रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना हा विकार असल्याचे आढळले, तर अधिक कडक निकषांनी १०.७ टक्के. सोळाव्या वर्षी घाईने लावलेला शिक्का मुलीच्या मनात 'मला मूल होणार नाही' ही भीती कायमची रुजवतो.

व्यवस्थापन

विकार समूळ बरा करणारे औषध नाही. उपचार स्त्रीच्या त्या वेळच्या गरजेनुसार ठरतात. आहार व व्यायाम हा सर्वांचा पाया होय. वजन अधिक असल्यास ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी सुधारते. म्हणजे ७० किलो वजनाच्या स्त्रीने साडेतीन ते सात किलो कमी करणेही उपयुक्त ठरते, आदर्श वजन गाठण्याची अट नसते. कोणताही एक आहार इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरलेला नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळी, पालेभाज्या हे नेहमीचे जेवण यात सहज बसते. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेला उपास मात्र वजन उतरवण्याच्या कामी येत नाही, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो.

गर्भधारणा नको असेल तेव्हा पाळी नियमित करण्यासाठी आणि केस व मुरुमे कमी करण्यासाठी संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देतात. या गोळ्यांनी पुढे वंध्यत्व येते हा समज निराधार आहे. मेटफॉर्मिन इन्शुलिनचा रोध कमी करते. केसांसाठी कधी स्पायरोनोलॅक्टोन देतात, परंतु ते पुरुष गर्भाच्या वाढीस बाधक ठरू शकत असल्याने सोबत गर्भनिरोधन आवश्यक असते.

महिनोन्‌महिने पाळी न येणे दुर्लक्षण्याजोगे नाही. बीजोत्सर्गाअभावी प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि कालांतराने त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. प्रत्यक्षात तो थोड्याच स्त्रियांना होतो, तरीही तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी चुकत असल्यास औषधाने ती आणणे इष्ट मानतात. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' हा घरगुती सल्ला या बाबतीत निरुपयोगी आहे.

जननक्षमतेवरील परिणाम व उपचार

पीसीओएसमध्ये स्त्रीबीजांचा तुटवडा नसतो, ती वेळेवर बाहेर पडत नाहीत एवढेच. वर्षातून चार-पाचदाच बीजोत्सर्ग झाला तर गर्भधारणेच्या संधीही तितक्याच. अनेक स्त्रियांना उपचारांविनाही दिवस जातात, म्हणून मूल नको असल्यास 'मला पीसीओएस आहे' या भरवशावर राहता येत नाही.

उपचारांपूर्वी पतीच्या वीर्याची तपासणी आवश्यक असते. ती साधी व स्वस्त असूनही अनेक कुटुंबांत सर्वांत शेवटी होते आणि तोवर पत्नी वर्षानुवर्षे औषधे घेत राहते. फॉलिक ॲसिड सुरू करणे, रक्तदाब व साखर तपासणे ही तयारीही याच टप्प्यावर करतात.

बीजोत्सर्ग घडवण्यासाठी पहिले औषध लेट्रोझोल होय. पूर्वी हे स्थान क्लोमिफीनचे होते. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले. भारतात या औषधाचा प्रवास वळणावळणाचा झाला. मुळात ते स्तनाच्या कर्करोगावरचे. त्याने गर्भात व्यंग येईल या भीतीने केंद्र सरकारने २०११ साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. पुढील अभ्यासांत ही भीती खरी ठरली नाही आणि २०१७ साली बंदी उठवण्यात आली. मधल्या सहा वर्षांत येथील स्त्रियांना या औषधाला मुकावे लागले.

गोळ्यांनी यश न आल्यास गोनॅडोट्रोपिनची इंजेक्शने देतात किंवा दुर्बिणीद्वारे अंडाशयाला सूक्ष्म छिद्रे पाडतात. इंजेक्शनांनी एकाच वेळी अनेक पुटके वाढून जुळी-तिळी राहण्याचा संभव असतो, म्हणून सोनोग्राफीने सतत लक्ष ठेवावे लागते. यानंतरचा पर्याय म्हणजे शरीरबाह्य फलन, अर्थात आयव्हीएफ. पुटके मुळातच अनेक असल्याने या स्त्रियांत अंडाशय अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साचण्याचा धोका अधिक असतो. तो टाळण्यासाठी सौम्य मात्रा वापरतात आणि बरेचदा सर्व भ्रूण गोठवून पुढील चक्रात गर्भाशयात सोडतात.

गर्भधारणेनंतर गर्भावस्थेतील मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन करायची साखरेची तपासणी चुकवू नये, असे तज्ज्ञ सांगतात. प्रसूतीनंतरही टाइप २ मधुमेहासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. पाळीची अनियमितता मात्र वयाच्या चाळिशीकडे जाताना अनेकींमध्ये आपोआप कमी होते.

भारतातील कायदा

आयव्हीएफ केंद्रांचे नियमन साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ या कायद्याने होते. केंद्राची नोंदणी बंधनकारक असून उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ वर्षे या मर्यादेत असावे लागते.