इंजिनाचे पाणी

मोटारीला पेट्रोल लागते हे लहान पोरालाही ठाऊक असते. तिला पाणीही लागते, हे मात्र गाडी घाटात थांबून फसफसू लागली म्हणजेच मालकाच्या ध्यानात येते. त्यातून आजकाल या पाण्याला रंग आले आहेत. हिरवा, लाल, नारिंगी, निळा, गुलाबी, जांभळा! दुकानात कूलंट मागितले की दुकानदार विचारतो, "साहेब, हिरवं देऊ की लाल?" जणू आपण सरबत प्यायलाच आलो आहोत. या प्रश्नाचे उत्तर रंगात नाही, ते इतिहासात आहे. तो इतिहास काय, आणि त्यावरून आपल्या गाडीत काय घालावे, एवढेच आज पाहू.

मुळात इंजिनाला थंड का करावे लागते? ढोबळ मानाने सांगायचे तर इंधनातल्या उष्णतेचा एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली लोखंडात मुरते. ती बाहेर काढली नाही तर तेल जळेल, दट्ट्या सिलिंडरला चिकटून बसेल आणि इंजिन जाम होईल. ही उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखा हमाल नाही. पाणी स्वस्त, वाहते, आणि पोटात पुष्कळ उष्णता सामावून घेणारे.

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मागितले. त्या गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी तापायचे, उकळायचे आणि वाफ होऊन उडून जायचे. चुलीवरच्या आधणाचाच प्रकार म्हणा ना! १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. लांबच्या पल्ल्याचा मोटारीचा तो पहिला प्रवास मानला जातो. त्या प्रवासात इंधन तर तिला औषधांच्या दुकानातून घ्यावे लागलेच, पण पाण्यासाठीही पुन्हापुन्हा थांबावे लागले. म्हणजे पाण्याचा डबा घेऊन धावणारा आपल्याकडचा क्लीनर हा मोटारीच्या इतिहासातल्या पहिल्या कामगारांपैकीच एक होय.

एकदा घातलेले पाणी पुन्हापुन्हा वापरता आले पाहिजे, हा पुढचा विचार. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहायचा आणि त्यांच्या भोवतीचे पाणी थंड व्हायचे. त्यामुळे थोड्या पाण्यात काम भागू लागले. पाण्याचा प्रश्न सुटला, असे वाटले.

पण तो सुटला होता उन्हाळ्यापुरता. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात पाणी गोठते, आणि गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते. बंद जागेत फुगलेला बर्फ बिडाच्या ओतीव भिंतीही फोडतो. गाडी रात्री उभी केली आणि सकाळी पाहावे तो इंजिनाला तडा! म्हणून रोज रात्री पाणी काढून टाकणे आणि सकाळी पुन्हा भरणे हा नित्यनेम झाला. मग पाण्यात काही मिसळून पाहण्याचे प्रयोग झाले. क्षार मिसळले, तर धातू गंजला. मिथेनॉल मिसळले, तर ते ६५ अंशांनाच उकळत असल्यामुळे इंजिन तापले की आधी तेच उडून जाई. ग्लिसरीन उडत नसे, पण ते दाट, आणि थंडीत आणखीच दाट.

तोड निघाली ती जुन्याच एका पदार्थातून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्झ याने १८५० नंतरच्या दशकात एथिलीन ग्लायकॉल प्रथम तयार केले होते. पुढे कित्येक वर्षे ते प्रयोगशाळेतच पडून राहिले. अमेरिकेत युनियन कार्बाइडने १९२० नंतरच्या दशकात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि १९२७ मध्ये ते 'प्रेस्टोन' या नावाने मोटारवाल्यांपुढे आले. १९२९ मध्ये जर्मनीत बीएएसएफने 'ग्लायसँटिन'चे पेटंट घेतले.

आता या ग्लायकॉलची एक गंमत ऐका. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते आणि शुद्ध ग्लायकॉल उणे तेराच्या आसपास गोठते. पण दोन्ही निम्मेनिम्मे मिसळा, तर ते मिश्रण उणे सदतीसपर्यंत टिकते! दोघांच्या रेणूंना एकमेकांच्या संगतीत स्फटिकाची नीट रांग लावता येत नाही, म्हणून असे होते. तेव्हा 'जितके दाट तितके चांगले' ही समजूत चुकीची आहे. शिवाय पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल वाहून नेत नाही. विमानांच्या इंजिनांत हा धडा गिरवला गेला. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात आरंभी शुद्ध ग्लायकॉल वापरले जाई. पुढच्या मर्लिन इंजिनांत सत्तर भाग पाणी व तीस भाग ग्लायकॉल घालून ते दाबाखाली ठेवण्याची पद्धत आली. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. आपल्या रेडिएटरचे झाकण हेच काम करते.

गोठण्याचा प्रश्न असा मिटला. मग हे रंग कुठून आले? त्याचे कारण म्हणजे गंज. ग्लायकॉल तापून तापून जुने झाले की आंबट होते, आणि आम्ल धातू खाते. म्हणून त्यात गंजरोधक द्रव्ये घालू लागले. लोखंडी इंजिन आणि तांब्या-पितळेचे रेडिएटर होते तोवर सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट अशा क्षारांनी काम भागे. हे क्षार सगळ्या धातूवर पातळ थर चढवतात. भिंतीला चुना द्यावा तसे. पण चुना जसा झडतो तसे हे क्षारही खर्ची पडतात. म्हणून जुने हिरवे कूलंट दोन-तीन वर्षांनी बदलावे लागे.

पुढे गाड्या हलक्या करण्याच्या नादात ॲल्युमिनियम आले, आणि कारखानदारांचे मार्ग वेगळे झाले. युरोपात पुष्कळ ठिकाणी पाणी जड. त्यात फॉस्फेट पडले की साका बसतो. म्हणून युरोपीयांनी फॉस्फेट टाळले आणि सिलिकेट ठेवले. जपानी कारखान्यांना सिलिकेटमुळे वॉटर पंपाचे सील झिजण्याची धास्ती. त्यांनी सिलिकेट टाळले आणि फॉस्फेट ठेवले. मोठ्या डिझेल इंजिनांचे दुखणे तिसरेच. त्यांच्या लायनरच्या थरथरीने पाण्यात बुडबुडे उठतात, फुटतात आणि लोखंडाला बारीक भोके पाडतात. त्यांना नायट्राइटसारखे वेगळे संरक्षण लागते.

१९९० नंतर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले दीर्घायुषी कूलंट आले. ते सगळ्या भिंतीला चुना देत बसत नाही. जिथे गंज सुरू होऊ पाहतो तिथेच जाऊन चिकटते, म्हणून पाच-पाच वर्षे पुरते. जनरल मोटर्सने १९९६ च्या गाड्यांपासून नारिंगी 'डेक्स-कूल' सर्रास वापरायला घेतले. पण काही गाड्यांत गाळ साचल्याच्या आणि गॅस्केट गेल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००८ मध्ये तडजोड झाली. फोक्सवागेनच्या निळसर-हिरव्या जी-११ मध्ये लाल जी-१२ पडले की मिश्रण तपकिरी होई आणि संरक्षण संपे. मग कंपनीने दोघांशी जुळणारे जांभळे जी-१२ प्लस काढले. पुढच्या जी-१३ मध्ये तर काही भाग ग्लिसरीनच आले! एके काळी मागे पडलेले ग्लिसरीन असे पुन्हा दारात येऊन उभे राहिले.

तुम्ही म्हणाल, 'आमच्याकडे कुठे बर्फ पडतो? आम्हाला नळाचे पाणी पुरे.' हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि साध्या बिडाच्या इंजिनांत तो बराचसा खपूनही गेला. आता तो खपत नाही. दख्खनच्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी तापवायच्या बंबाच्या आत जसा पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनात बसतो आणि उष्णता अडवतो. साधे पाणी ॲल्युमिनियमला खाते ते वेगळेच. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरी उघड्या भांड्यातले पाणी सुमारे शहाण्णव अंशांनाच उकळते. म्हणजे ऐन चढणीवर जिथे सवलत हवी, तिथेच ती कमी होते. कूलंट आणि घट्ट झाकण मिळून ती परत मिळवून देतात.

तेव्हा निवड कशी करावी? गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडा आणि तीत दिलेला दर्जाचा क्रमांक बाटलीवर शोधा. रंग पाहू नका. रंग हा निव्वळ रंग आहे. त्याला सर्वमान्य नियम नाही. एका कंपनीचे हिरवे आणि दुसरीचे हिरवे यांत काडीचे नाते नसेल. बाटलीवर 'तयार मिश्रण' असे असेल तर त्यात पाणी घालू नका. दाट द्रव असेल तर ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात ते, सांगितलेल्या प्रमाणात आधी मिसळा.

आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जायचे असेल तर? वरून भर घालणे म्हणजे बदल नव्हे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचे झाकण उघडून तोंड-हात भाजून घेतलेले लोक प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असतात. जुने सगळे काढा. ऊर्ध्वपातित पाणी भरा, हीटर असेल तर तो चालू करून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड करा आणि पुन्हा काढा. पाणी स्वच्छ निघेतो हे करा. मग नवे भरा. आत थोडे पाणी उरलेलेच असते, हे मिश्रणाचे प्रमाण ठरवताना ध्यानात घ्या. अडकलेली हवा काढा, दोन-चार दिवसांनी पातळी पुन्हा बघा, आणि काय घातले व कधी घातले ते लिहून ठेवा. वाटेत अडचण आलीच, तर भलत्या बाटलीपेक्षा थोडे स्वच्छ पाणी घालून घर गाठणे बरे. मात्र पुढे सगळे बदलून घ्यावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, आणि ते विष आहे. पोटात गेले की त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. याच घराण्यातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने १९३७ मध्ये अमेरिकेत औषधातून शंभरावर माणसे मारली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले, आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांनी केली. म्हणून काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. तिथे गल्लीतले कुत्रे ते चाटते. ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरू नका. एखाद्या मुलाने ते प्यायल्याचा नुसता संशय आला, तरी तडक रुग्णालय गाठा.

एक साधे पाणी, पण त्याला आजच्या रूपात यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. पुढच्या वेळी दुकानदाराने "हिरवं की लाल?" असे विचारले, तर त्याला सांगा, "रंग राहू द्या. बाटलीवर लिहिलंय काय, ते आधी वाचून दाखवा."